चूक चिठ्ठी नेणाऱ्याची

घोडेगावला बारावीत असताना सरांनी एका जुन्या इंग्रजी नाटकाची गोष्ट सांगितली आणि फळ्यावर प्रश्न लिहिला: दोघा प्रेमिकांच्या मृत्यूला जबाबदार कोण? वर्गाने दोन्ही घरांतल्या भांडखोर वडीलधाऱ्यांना धारेवर धरलं. मीही धरलं. त्या वयात सगळ्याच वडीलधाऱ्यांवर माझा राग होता.

माझे वडील पोस्टमन. आहुप्याकडच्या वाड्यावस्त्यांवर पायी टपाल वाटायचे. संध्याकाळी त्यांना गोष्ट सांगितली. मुलगी मेल्याचं सोंग घेते, ते सोंग आहे हे कळवणारी चिठ्ठी मुलाला पोचत नाही, तो खरंच समजून जीव देतो आणि मग तीही. वडिलांचा घास हातातच राहिला.

"चिठ्ठी कोणाकडं व्हती?"

"एका साधूकडे. साथ आली म्हणून लोकांनी त्याला वाटेत कोंडून ठेवलं."

"मंग चूक त्याची."

"अहो दादा, दाराला कुलूप होतं! चिठ्ठीला कुणी हात लावायला तयार नव्हतं!" मी उसळलेच.

"अडचण व्हती, खरंय. पर चिठ्ठी त्याच्याच हातात व्हती ना?"

मग त्यांनी मागच्या पावसाळ्यातली गोष्ट सांगितली. वरच्या गावातल्या एका मुलीचं नर्सिंगच्या मुलाखतीचं पत्र त्यांच्या थैलीत होतं. ओढ्याला पूर. डोंगराच्या अंगाने दुसरी वाट होती, पण दोन तास जास्त लागले असते. पाय लई दुखत होते, म्हणून ते अलीकडेच थांबले. पत्र पोचलं तेव्हा मुलाखत होऊन गेली होती. त्या मुलीचा भाऊ माझ्याच वर्गात होता.

दुसऱ्या दिवशी सरांनी पुन्हा विचारलं, तेव्हा मी उभी राहिले. "चिठ्ठी नेणारा जबाबदार."

वर्ग खो खो हसला. "पोस्टमनची पोरगी ना ती!" मागून कोणीतरी म्हणालं. माझं डोकं फिरलं. पण कारण सांगायचं तर वडिलांची चूक चारचौघांत उघडी पडणार आणि तो भाऊ शेवटच्या बाकावर बसलेला. तरी सांगितलं. पूर, दुसरी वाट, दुखरे पाय, सगळं.

तो भाऊ उठला. आता हा माझ्या बापाचे वाभाडे काढणार, अशी माझी खात्रीच झाली.

"सर, ती माझी बहीण," तो म्हणाला. "पुरामुळं उशीर झाला, एवढंच आमाला ठावं व्हतं. पर नंतर हिचे वडील मुद्दाम वर चढून दारात आले, आईला म्हणाले, वाट व्हती, मीच आलो न्हाई, चूक माझी हाय."

हे वडिलांनी मला सांगितलंच नव्हतं. मला रडू फुटलं आणि त्याची जराही लाज वाटली नाही.

पुढे ते नाटक मी पूर्ण वाचलं. शेवटच्या प्रवेशात थडग्यापाशी सगळे जमतात, ज्याचं त्याचं सांगतात. चिठ्ठी नेणारा तेवढा येत नाही. माझे वडील डोंगर चढून गेले होते.