मुलगा काय करतो?

निवृत्तीला आलेल्या माणसाला सोपं म्हणून काहीतरी काम चिकटवतात, तसं मला ते फोनचं काम चिकटवलं. इतवाऱ्यातल्या आमच्या प्रशिक्षण केंद्रात मुलं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायला शिकत. शिकून बाहेर पडलेल्यांना मी फोन करायचा आणि विचारायचं: काम लागलं का, कुठे लागलं, पगार किती, नोकरी पक्की की कच्ची. त्यावरून वरचे लोक ठरवणार होते, हा वर्ग चालू ठेवायचा की गुंडाळायचा. शिकवणारे मास्तर येता-जाता माझ्या टेबलापाशी घुटमळायचे. "सर, मी नुसती विचारते," मी वैतागून म्हणायचे, "नोकऱ्या काय माझ्या पदरात बांधलेल्या आहेत?"

खरं सांगायचं तर मला त्या कामाचा वीट आला होता. कोणाचा नंबर बंद, कोणी मला कर्ज विकणारी समजून मध्येच फोन ठेवायचं. त्यामुळे जैनाबादच्या एक बाई भरभरून बोलायला लागल्या, तेव्हा मला बरंच वाटलं. मुलगा शेतावर होता, फोन आईनं उचलला होता.

"मुलगा काय करतो?" मी विचारलं.

"इंदौरले नोकरी करू राहिला ना. पक्की नोकरी हाये. सध्या सुट्टीवर आला हाये."

"पगार?"

"चांगला हाये, ताई. आणि सुपारीचं खांडसुद्धा तोंडात घालत नाही तो."

हे मी विचारलंच नव्हतं. तिथेच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. आमच्या भागात स्थळाची चौकशी कोणी तोंडावर करत नाही. कोणीतरी तिऱ्हाईत बाई कशाच्या तरी निमित्तानं फोन करते, मुलाचं शिक्षण विचारते, पगार विचारते, आणि ऐकणाऱ्यानं काय ते ओळखायचं. माझे सगळे प्रश्न नेमके तेच होते. त्यात ज्यांना नोकरी लागली त्यांच्या घरी जाऊन खात्री करायची असा नियम. "रविवारी घरी येऊन जाते," असं मीच म्हणाले, आणि त्या माउलीची खात्रीच पटली.

रविवारी तापीवरचा पूल ओलांडून रिक्षानं गेले. उन्हानं जीव नकोसा झाला होता. अंगण धुतलेलं, पलंगावर घडी मोडलेली नवी चादर. मुलाचे काका टोपी घालून बसले होते. माझ्यापुढे माव्याची जिलेबी आली, खास शहरातून आणलेली. मुलगा इस्त्रीच्या शर्टात भिंतीला टेकून उभा होता. काकांनी घसा साफ केला.

"मुलगी कितवी शिकली हाये?"

हातातला तुकडा मी बशीत ठेवला. मी कोण, कशासाठी आले, हे एका दमात सांगून टाकलं. शरमेनं मान वर होईना. काकांना केळीत पाणी सोडल्याची आठवण झाली आणि ते उठून गेले. बाईंचा चेहरा बघवत नव्हता.

मग मुलगाच बोलला. "मॅडम, इंदौर में था, लेकिन टिका नहीं. खोलीचं भाडंच परवडत नव्हतं. आता इथंच सगळ्यांच्या मोटारी पाहतो."

"म्हणजे धंदा आहे ना! महिन्याला किती पैसे सुटतात?"

"कोणाकडून घेऊ? सगळे काकाच तर हायेत."

आईला आता राहवलं नाही. "दिवसभर घरात पाय ठरत नाही त्याचा. रात झाली तरी लोक बोलवायले येतात. त्याले मुलगी पाहावी म्हणून किती जणांले सांगितलं मी. आणि पगार नाही म्हणून सगळे तोंड फिरवतात." मग माझ्याकडे रोखून पाहत म्हणाल्या, "तुम्ही इतकं विचारलं, ताई. आता काम लावून द्यान ना त्याले?"

"आम्ही फक्त विचारतो," मी म्हणाले.

"फक्त विचारता?"

त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी उरलेली जिलेबी कागदात बांधून माझ्या पिशवीत ठेवली, घरी मुलंबाळं असतील म्हणून. माझ्या घरी मी एकटीच. तेही सांगायचं राहून गेलं. सोमवारी त्याच्या नावापुढे मी 'बेरोजगार' लिहिलं. पावती नाही, पगार नाही, दुसरं काय लिहिणार?

पुढे मोटारीचा वर्ग बंद झाला. मास्तर दुसरीकडे गेले. पण सुरू केलेली चौकशी ठरल्या मुदतीपर्यंत करायचीच असा नियम होता, म्हणून मी पुन्हा त्याच नंबरांना फोन लावत बसले. जैनाबादचा नंबर दोनदा टाळला. शेवटी लावलाच. फोन बाईंनीच उचलला आणि पहिल्या शब्दाला माझा आवाज ओळखला.

माझ्या तोंडून प्रश्न निघेना. हवापाणी विचारलं, केळीचं विचारलं. त्या ऐकत राहिल्या आणि मग त्यांनीच माझी सुटका केली.

"घरीच हाये तो, ताई. लिहून घ्या," त्या म्हणाल्या. लगेच फोन बाजूला धरून कोणाला तरी त्यांनी ओरडून सांगितलं, "थांब रे दादा, जेवू दे त्याले! जेवला की येईल तो तुझी मोटर पाहायले."