ओढ्यापल्याडची हाळी

“म्याडम, काढा ह्यो व्हॉल्व्ह. मुका ऱ्हाईन म्या.”

पासलीचा धोंडिबा हे तोंडानं, चांगल्या आवाजात सांगत होता. मॅडमनी माझ्याकडं बघितलं.

नसरापूरच्या एका दवाखान्यात मी आवाजाच्या मॅडमच्या हाताखाली आहे. शिक्षण चौथी. कॅन्सरमुळं धोंडिबासारखं माझंही स्वरयंत्र काढलंय. आमचा श्वास गळ्याला पाडलेल्या भोकातनं चालतो. आत, मागच्या बाजूला बारका व्हॉल्व्ह असतो. भोकावर बोट ठेवलं, की छातीतला वारा त्यातनं घशात जातो, घसा थरथरतो आणि आवाज होतो. बोट कसं ठेवायचं, ते नव्या पेशंटला मी दाखवतो.

धोंडिबाच्या बायकोला कमी दिसतं. ती म्हणाली, “हितं पोपटावानी बोलत्यात. घरी नुसता वारा.”

मॅडमनी पाणी पाजून बघितलं. व्हॉल्व्ह गळत नव्हता. मग तो काढला; त्याचं छिद्र लगेच बुजत नाही, त्यातनंच बोलायला लावलं. आवाजात फरक नाही. म्हणजे व्हॉल्व्ह तुंबलेलाही नव्हता. पुन्हा बसवला.

“घरी कुठं बसून बोलता?”

“बसतंय कोण? ही वढ्यापल्याड गवताला जाती. अंधारून आलं की हाळी देतो. मागं वाट चुकून कड्याकडं गेलती. हाळीच न्हाई, तर ह्यो काय कामाचा?”

“मग तशीच हाळी द्या.”

“हितं? लोकं हासतील.”

“हसू देत,” मी म्हणालो. “तुला काय पोरीकडचे बघायला आल्यात?”

त्यानं दम भरला, भोकावर अंगठा रुतवला. मानेच्या शिरा फुगल्या. आवाज फुटला नाही. मॅडमनी मान चाचपली. लाकूड झाली होती. जोर लावला की घसाच आवळायचा आणि वारा अडायचा.

मी त्याचा अंगठा धरून हलका टेकवला. “डोळ्यावर ठेवतोस तसा ठेव.”

“आगं ए,” तो म्हणाला. बायको चटकन वळली.

“पर ह्यो आवाज वढा वलांडंल?”

“नाही,” मॅडमनी सरळ सांगितलं.

बायको म्हणाली, “मंग तुमीच या पल्याड. पाय हायेत न्हवं?”

व्हॉल्व्ह राहिला. आता दिवस कलला की धोंडिबा ओढा ओलांडून तिला आणायला जातो.

माझी बायको गेल्या साली वारली. माझा आवाज तपासला तर ठणठणीत आहे. पण या आवाजाला ऐकणारं माणूस हाताच्या अंतरावर लागतं. ज्याचं तसं माणूस आहे, त्यानं व्हॉल्व्ह काढायची भाषा करू नये.