हमीदाआपाची अकरावी

फोन आला तेव्हा मी अल रीमच्या आमच्या फ्लॅटमध्ये मुलाचा डबा भरत होते. स्क्रीनवर हमीदाआपाचं नाव होतं, म्हणून मी उचलल्या उचलल्या सुरूच झाले, "आपा, आज तरी हॉस्पिटलला फोन केलास की नाही?" पलीकडून तिचा भाचा इरफान म्हणाला, "रोझी आंटी... खाला गेली. पहाटे." आणि मी विचारलं, "कुठे गेली?" माणूस अशा वेळी काय बोलेल याचा नेम नसतो. इरफाननं दफनाची वेळ सांगितली, तेव्हा मला कळलं.

अबुधाबीहून ती राहायची ते गाव म्हणजे पार दुसऱ्या टोकाला, डोंगराच्या पायथ्याशी. नवरा गाडी चालवत होता. वाटेत मोबाइलवर शाळेची पोस्ट आली. स्नेहसंमेलनातला तिचा फोटो, बाजूला पेटलेली मेणबत्ती, आणि खाली गुळगुळीत इंग्रजीत 'आमच्या स्कूल फॅमिलीचा आधारस्तंभ हरपला' अशा अर्थाचं काहीतरी. शेकडो लोकांनी हात जोडले होते. मी कॉमेंट लिहिली, खोडली, पुन्हा लिहिली, पुन्हा खोडली. नवरा म्हणाला, "आता नको रोझी. आधी पोचू या." आम्ही पोचलो तोवर तिला माती देऊन माणसं परतलीसुद्धा होती. त्या कॉमेंटमध्ये जे मावलं नाही, ते आता इथं लिहिते आहे. राग अजून उतरलेला नाही, हे आधीच सांगून ठेवते.

मी वसईची. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीमागून त्या गावात गेले, आणि तिथल्या शाळेत इंग्रजी शिकवायला लागले. लोकांना दुबई म्हटलं की टॉवर दिसतात. आमच्या गावात एक चौक, एक पेट्रोल पंप, खजुराच्या बागा, आणि मागं उघडेबोडके डोंगर. फाटकावर 'इंग्लिश स्कूल' अशी पाटी, आत दोन जुने व्हिला जोडून केलेली दहावीपर्यंतची शाळा. मुलं कुणाची, तर खडीच्या खाणीतल्या क्लार्कची, शिंप्याची, टायरवाल्याची, बागेवरच्या सुपरवायझरची. असेंब्लीत शेजारच्या बकऱ्या घुसायच्या. डोंगरात पाऊस झाला की वाडी, म्हणजे एरवीचं कोरडं नदीपात्र, अचानक वाहायला लागायची आणि स्कूलबस पलीकडेच अडकायची. पहिल्याच आठवड्यात मी स्टाफरूममध्ये चहा सांडला आणि तोंडातून निघालं, "अगं बाई!" फिजिक्सची एक मिस गर्रकन वळली. सलवार-कमीज, डोक्यावरून ओढणी, पायात पांढरे स्पोर्ट्स शूज. "नाव रोझी आणि मराठी? वसईची काय गो तू?" म्हणाली. ती हमीदा. रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या गावची.

शाळेत ती 'मिस', शाळा सुटली की माझी 'आपा'. तिचं लग्न झालं होतं, ते टिकलं नाही. याबद्दल एका वाक्यापलीकडे ती कधी बोलली नाही. उन्हाळ्यात नळाचं पाणी उकळतं येतं, म्हणून गीझर बंद ठेवायचा आणि त्यात साठलेलं पाणी थंड म्हणून वापरायचं, हे मला तिनं शिकवलं. स्वतः दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली, त्यामुळे वर्गात इंग्रजी बोलता बोलता चिडली की थेट मराठीत यायची. केरळची, पाकिस्तानची, बांगलादेशची पोरं एकमेकांना "गप बस रे" म्हणायची, तिच्याच सुरात. नवीन आलेल्या इन्स्पेक्टरला ती कुठली भाषा, ते काही कळलं नव्हतं.

तिच्या मनात एक गोष्ट रुतून बसली होती. आमची शाळा दहावीला संपायची. पुढचं सायन्स हवं तर किनाऱ्यावरच्या शहरात जायचं, जाऊन-येऊन तीन तास. मुलगे कुणाच्या तरी गाडीत दाटीवाटीनं जायचे. मुली थांबायच्या. टायरवाल्या रशीदभाईंची थोरली सना दहावीला शाळेत पहिली आली. आम्ही तिचा फोटो फाटकावर लावला. पुढच्या हिवाळ्यात ती आम्हाला कोपऱ्यावरच्या बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, भेटली. कांदे निवडत होती. "मिस, आय एम गेटिंग मॅरिड," म्हणाली, आणि हसली. आपा तिच्याशी नीट बोलली, दुआ दिली. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "आपण त्या पोरीचा फोटो फाटकाला टांगला आणि फाटक बंद केलं."

तिथून सुरू झालं. आमच्या शाळेत अकरावी सायन्स हवी. शाळेचे मालक दुबईत, जुमेरा लेक टॉवर्समध्ये त्यांचं ऑफिस. आम्ही सगळे त्यांना चेअरमनसाहेब म्हणायचो. आपानं मला सोबत घेतलं आणि आम्ही तिथं गेलो. बराच वेळ बसवून ठेवल्यावर त्यांनी आत बोलावलं, खजूर पुढं केले, कॉफी दिली, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बहुत अच्छा आयडिया है मिस हमीदा. इन्शाल्ला, नेक्स्ट इयर."

आपानं कप खाली ठेवला. "सर, इन्शाल्ला तो मैं भी बोलती हूँ. आप तारीख बोलिए."

मला तिथंच हसू फुटलं असतं. चेअरमनसाहेब हसले मात्र. "पहले बच्चियाँ लाइए. दस आ जाएँगी तो क्लास दे दूँगा. खलास."

त्यांना वाटलं असेल, विषय मिटला. आपा घरोघर फिरली. मी बऱ्याचदा बरोबर असायचे. कुणाच्या घरी बिर्याणी, कुणाच्या घरी दारातूनच निरोप. रशीदभाईंच्या दुकानात तर आम्ही टायरांवर बसून वाद घातला. त्यांची धाकटी शिफा तेव्हा नववीत होती. "मिस, बड़ी की तो हो गई, छोटी की भी हो जाएगी," ते म्हणाले. आपा म्हणाली, "शादी मैं नहीं रोक रही भाईसाब. दो साल माँग रही हूँ." आणि तिनं आकडा जमवला. खरंच जमवला. मग कळलं की लॅब लागते. लॅबसाठी जुनी स्टोअररूम रिकामी केली, तर इन्स्पेक्शनमध्ये निघालं की खोलीला दुसरं दार हवं. त्यात चूक काहीच नव्हती; मुलांच्या खोलीला दोन दारं असायलाच हवीत. पण ते एक दार फोडायला चेअरमनसाहेबांना जवळजवळ वर्ष लागलं. कधी काँट्रॅक्टर सुट्टीवर, कधी परमिट अडकलेलं. आपा रोज मधल्या सुट्टीत त्या भिंतीसमोर जाऊन उभी राहायची. दार झालं तोवर जमवलेल्या मुलींपैकी निम्म्या पांगल्या होत्या. आणि मग, शाळा विकली गेली.

नवीन मॅनेजमेंट आलं. नवा रंग, नवा युनिफॉर्म, नवा प्रिन्सिपल. त्यांनी हिशोब मांडून वरचे वर्ग बंदच केले. आता शाळा आठवीपर्यंत. ती दोन दारांची लॅब म्हणजे आज शाळेचं युनिफॉर्मचं दुकान आहे. 'आधारस्तंभ' म्हणणारे ते हेच लोक. फिजिक्स शिकवणाऱ्या बाईला त्यांनी सहावीचं जनरल सायन्स दिलं आणि वर मीटिंगमध्ये टाळ्या वाजवल्या.

याच सुमाराला आमची अबुधाबीला बदली झाली. मी तिला तिथं सोडून जायला तयार नव्हते. दुबईच्या ऊद मेथातल्या एका शाळेत फिजिक्सची जागा निघाली, तर तिच्या मागं लागून मी अर्ज करवला. डेमो लेक्चर झालं, त्यांनी लगेच ऑफर दिली. मोठी शाळा, बारावीपर्यंतचे वर्ग, झकास लॅब. तिनं नाही म्हणून कळवलं. मी फोनवर अक्षरशः किंचाळले. "तुला समजतंय का आपा, तू कुणासाठी थांबतेयस? त्या लोकांना तू नकोयस!"

"त्यांच्यासाठी कोण थांबतंय?" ती म्हणाली. "ऊद मेथात फिजिक्सला रांग लागते गो रोझी. इथं शिफा आहे."

शिफाची दहावी बाहेरून झाली होती. आपानं अकरावी-बारावीसाठी मुक्त शिक्षणाच्या बोर्डाची माहिती काढली, शिकवणीचा सरकारी परवाना घेतला, आणि आपल्या एका बेडरूमच्या फ्लॅटमधला सोफा इरफानकडे पाठवून दिला. सोफ्याच्या जागी गालिचा घातला. शाळा सुटल्यावर तिथं चार मुली यायच्या. शिफा आणि तिच्यासारख्याच आणखी तिघी. फिजिक्स, केमिस्ट्री आपाच घ्यायची. गणितासाठी तिनं शाळा सोडून गेलेल्या एका केरळी सरांना पटवलं होतं, ते व्हिडिओ कॉलवर शिकवायचे. इंग्रजी माझ्याकडे, तेही फोनवरून. मी 'मॉर्निंग गर्ल्स' म्हणायचे, चौघी एकदम उत्तर द्यायच्या, आणि मागून आपाचा आवाज यायचा, "सरळ बसा गो!" तेव्हाच तिला जिना चढताना दम लागायला लागला होता. मी ऐकायचे तो दम. तीही लपवायची नाही. गेल्या हिवाळ्यात शहरातल्या डॉक्टरनं सांगितलं, हृदयाची झडप बिघडली आहे, ऑपरेशन करावं लागेल, लवकर करा. मुंबईला करायचं ठरलं.

"कधी जातेस?" मी विचारलं.

"मे महिन्यात. मार्चात मुलींची प्रॅक्टिकल, एप्रिलात पेपर. ते झाले की निघते."

"आपा, झडप आहे ती! रशीदभाईंच्या दुकानातलं पंक्चर नाही, नंतर काढू म्हणायला. डॉक्टर लवकर म्हणाला ना?"

"मे लवकरच आहे."

मी भांडले, रडले, बोलायची बंद झाले. इरफानला मध्ये घातलं. वसईला आईला सांगून नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, सुरू करवली. आपा म्हणाली, "तुझी आई माझ्यासाठी प्रार्थना करतेय, मी नमाज पढतेय, आता देवाला दोन्हीकडून कळलंय, तू जरा गप बस." प्रॅक्टिकलला ती चौघींना घेऊन स्वतः दुबईला गेली. फिजिक्सचा पेपर झाला त्या संध्याकाळी तिचा फोन आला होता, किती खुशीत होती... केमिस्ट्री अजून व्हायची होती. त्याआधीच ती झोपेत गेली. आणि चौघींनी तो पेपर दिला. कसा दिला, मला विचारायचा धीर झाला नाही.

लोक मला म्हणतात, केवढं समर्पण. शाळेतल्या शोकसभेतही प्रिन्सिपल हाच शब्द तीन-चारदा म्हणाले. मला तो शब्द ऐकवत नाही. ज्या गोष्टीसाठी एक खोली, एक दार आणि एका माणसाची सही पुरली असती, त्यासाठी एका बाईला आपलं काळीज झिजवावं लागलं, याला मी समर्पण म्हणणार नाही. आणि खरं सांगायचं तर माझा राग तिच्यावरही आहे. दुसऱ्या कुणीतरी शिकवली असती केमिस्ट्री महिनाभर. मी व्हिडिओ लावून दिले असते. पण तिला ते पटायचं नाही. "व्हिडिओला शंका विचारता येत नाही," म्हणायची. आता मला शंका आहेत, आणि विचारायला ती नाही.

गेल्या आठवड्यात निकाल लागला. चौघी पास झाल्या. मी रशीदभाईंना फोन केला, अभिनंदन केलं आणि लगेच विचारलं, "अब आगे?" त्यांनी आधी दुकानातला कॉम्प्रेसर बंद करायला लावला. मग म्हणाले, "देखते हैं, मिस. इन्शाल्ला." मी म्हटलं, "मैं शनिवार को आ रही हूँ. बैठ के देखेंगे." शारजातल्या एका कॉलेजात लॅब टेक्नॉलॉजीचा कोर्स आहे, हॉस्टेल आहे, मुलींसाठी वेगळं. सगळी माहिती काढून ठेवली आहे. शनिवारी दोन तास बसले त्यांच्याकडे. त्यांनी हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही. पुढच्या शनिवारी परत जाणार आहे.

मी गेले त्याच शनिवारी इरफान आपाचा फ्लॅट रिकामा करत होता. चावी परत करण्याआधी भिंती रंगवून द्यायच्या, असा इथला नियम. शिफा माझ्याबरोबर आली. सामान गेलं होतं, गालिचाही गुंडाळून नेलेला. रिकाम्या बाहेरच्या खोलीत रंगारी डबा उघडून ढवळत होता. फळा होता त्याच्या समोरच्या भिंतीवर, जमिनीपासून दीड हात उंचीवर, चार काळपट गोल डाग होते. मला आधी समजेना कसले. दोन वर्षं तिथं पाठ टेकून बसलेल्या चार डोक्यांच्या केसांचं तेल भिंतीला लागलं होतं.

"दॅट वन्स माइन," शिफा म्हणाली, आणि दुसऱ्या डागाखाली जाऊन बसली. तिचं डोकं बरोबर तिथं टेकलं. सवयीनं ती सरळ झाली आणि समोर बघत राहिली. समोर फळ्याच्या खिळ्यांची भोकं तेवढी उरली होती.

रंगाऱ्यानं रोलर भिजवला. "मॅडम, शुरू करूँ?"

"रुको," मी म्हटलं.

"कितनी देर?" त्यानं विचारलं. तो बिचारा सरळच विचारत होता. मला त्याला तारीख सांगता येईना, वेळ सांगता येईना. मी ओढणी सावरली आणि शिफाच्या बाजूला जाऊन बसले.