उशीवरून दिसणारा रस्ता

पुठ्ठ्याला एक अंग असतं. त्या अंगानं वाकवला तर तो मुकाट वाकतो, आडवा वाकवला तर तडकतो. बुटांच्या दुकानाला खोकी पुरवता पुरवता ताईची निम्मी हयात गेली होती, आणि हे अंग तिच्या नुसत्या बोटांना कळायचं. माणसांचंही तसंच असतं असं ती म्हणायची. फक्त तिचा धाकटा भाऊ तिला कुठल्याच अंगानं वाकवता आला नव्हता.

आई गेली तेव्हा तो कडेवर होता. ताईनंच त्याला लहानाचा मोठा केला. मग तिचं लग्न झालं, पण संसार मांडला न मांडला तोच नवरा गेला, आणि पेटी उचलून ती भावाच्या दारात येऊन उभी राहिली. तोवर भाऊ बस चालवायला लागला होता. "उशीर केलास," एवढंच तो म्हणाला आणि पेटी आत नेऊन ठेवली. त्यानंतर दोघं एका छपराखाली राहिली. तो गाडीवर जायचा, ती खोकी करायची. संध्याकाळी तो येऊन तिच्या खोक्यांच्या राशीला मुद्दाम धक्का द्यायचा, ती त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची, आणि त्या सात पिढ्या आपल्याही आहेत हे आठवून स्वतःच हसायची.

मग एक दिवस चालत्या गाडीत त्याच्या हातून गिअर सुटला. आधी बोटं गेली, मग पाय जड झाले. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, पण ते ताईच्या जिभेवर कधी बसलं नाही. तिनं एवढंच ध्यानात ठेवलं की हा आजार अंगातलं एकेक घर रिकामं करत जातो आणि परत फिरत नाही.

डेपोतल्या सोबत्यांनी वर्गणी काढून त्याला एक खेळ आणून दिला. पडद्यावर बस, समोर शहर, हातात खोटं स्टिअरिंग. ते शहर जगात कुठंच नव्हतं, तरी थोड्याच दिवसांत त्याला त्याच्या गल्ल्या तोंडपाठ झाल्या. ताई स्वयंपाकघरातून ऐकायची. आत भाऊ पडद्यावरच्या रिक्षावाल्यांना शिव्या घालत असायचा, आणि तिला बरं वाटायचं.

हात पुरते गेले तेव्हा तो म्हणाला, आता तू चालव. ताईनं आयुष्यात सायकलही चालवली नव्हती.

"ताई, तो खांब होता."

"दिसला मला."

"दिसला तर धडकलीस कशाला?"

"तू बोलत होतास म्हणून."

त्या दिवशी तो पोट धरून हसला असता, पण पोट धरायला हात नव्हते. पुढं बोलणंही गेलं. राहिले फक्त डोळे. एकदा मिटले तर हो, दोनदा मिटले तर नाही, एवढ्यावर दोघांचं चालायचं. पडद्याच्या उजेडानं त्या डोळ्यांना पाणी सुटू लागलं. ताईनं ते पुसलं की तो रडतोय असं दिसायचं, आणि ते त्याला सोसायचं नाही. शेवटी पडदा लावला की तो डोळे घट्ट मिटून घ्यायचा. मग त्याच्यासमोर दिवसभर फक्त खाटेच्या पायथ्याची भिंत उरली. पिवळट, ओल धरलेली.

डॉक्टर म्हणाले, आता श्वास किती दिवस साथ देईल सांगता येत नाही. डोळे तेवढे शेवटपर्यंत काम करतील.

ताई खाटेशी बसली आणि त्या भिंतीकडं पाहत राहिली. हलतं चित्र त्याला सोसत नव्हतं, आणि ही भिंत तिला सोसत नव्हती. हा माणूस जन्मभर काचेतून रस्ता बघत आला. जाताना त्यानं ओल बघायची? तिनं मनाशी ठरवलं, की त्या खेळातला त्याचा लाडका मोठा रस्ता आपण कागदाचा करायचा, खाट आणि भिंत यांच्या मधे. आणि श्वासाच्या आधी पुरा करायचा.

खेळ मधेच थांबवून चित्र साठवता येतं, हे तिला छपाईच्या दुकानदारानं शिकवलं. पण गाडी घराच्या बरोबर समोर उभी केल्याशिवाय चित्र सरळ येत नाही, तिरकं येतं, आणि तिरकी भिंत पुठ्ठ्यावर चिकटवली की घर दारू प्यायल्यासारखं झुकतं. म्हणून जी बाई खांब चुकवू शकत नव्हती ती प्रत्येक घरासमोर गाडी थांबवायला शिकली. मागून पडद्यातल्या गाड्या भोंगे वाजवायच्या. ताई म्हणायची, वाजवा, माझं काम होईपर्यंत मी हलायची नाही.

पहिल्यांदा छापून आणलेले कागद चकचकीत होते. खिडकीचा उजेड त्यांच्यावर पडला की भावाला घरं दिसेनात, नुसता झगझगाट. ते सगळे वाया गेले. मग तिनं बिनचमकीचा कागद घेतला. तरी घरं एकमेकांच्या मापात बसेनात, एकाचं दार दुसऱ्याच्या दोन मजल्यांएवढं. तेव्हा तिनं अंगठ्याचं पेर हे दाराचं माप धरलं आणि सगळी चित्रं त्या हिशेबानं पुन्हा छापून घेतली. दुकानदार वैतागला. त्यानं विचारलं, बाई, एवढ्या दारांतून येणार आहे तरी कोण? ताई अंगठ्याच्या पेरानं दारं मोजत राहिली.

कापलेल्या पुठ्ठ्याची कड पांढरी दिसली की घराचं बिंग फुटतं. ती एकेक कड रंगवून घ्यायची. खळ पातळ लावायची, म्हणजे कागदाखाली फुगे येत नाहीत. बुटांच्या खोक्यांचं काम तिनं बाजूला ठेवलं होतं. दुकानाचा माणूस येऊन दारातूनच आत डोकावला, आणि आल्या पावली परत गेला.

पहिली रांग तिनं टेबलावर मांडली आणि लांब उभी राहून पाहिली. सुरेख दिसत होती. भावाला विचारलं तर त्यानं दोनदा डोळे मिटले. नाही. तिला कळेना. शेवटी तिनं त्याच्या उशीवर त्याच्या डोक्याशेजारी डोकं टेकलं, लहानपणी दोघं एका उशीवर झोपायची तसं. आणि पाहिलं, तर तिथून दिसत होती टेबलाची कड आणि वर घरांची नुसती छपरं. तिनं रस्ता स्वतःच्या उभ्या उंचीला बांधला होता.

तिनं टेबल काढलं. खोक्यांवर फळी टाकली, आणि एकेक खोकं काढत, घालत, दर वेळी उशीवर डोकं टेकून पाहत त्याच्या नजरेला आणली. खोली लहान, रस्ता लांब हवा. मग लांबची घरं तिनं छोटी छापली, त्याहून लांबची आणखी छोटी, आणि भिंतीवर आभाळाचा कागद सरळ डकवून टाकला. दारातून येणाऱ्याला ते सगळं वेडंवाकडं दिसायचं. शेजारीण म्हणाली, हे काय, घरं धुऊन आटवलीस की काय? पण उशीवरून पाहिलं की रस्ता लांबच लांब जायचा, आणि भिंत नाहीशी व्हायची.

भाऊ डोळे मिटत नव्हता. तासन् तास पाहत राहायचा. श्वास मात्र रोज थोडा वर वर येत होता.

अधूनमधून त्याचा जुना कंडक्टर यायचा. दोघांनी कित्येक वर्षं एकाच गाडीवर काढली होती. तो खाटेशी बसून डेपोतल्या चहाड्या सांगायचा, आणि भावाच्या वतीनं उत्तरंही स्वतःच द्यायचा. त्यानं रस्ता पाहिला आणि म्हणाला, "ताई, एवढी घरं बांधलीत, दुकानं बांधली, पण आमची गाडी कुठाय?"

ताईला ते मनापासून पटलं. रस्ता आहे, गाडी नाही, म्हणून भाऊ पाहत असेल पण त्याचं मन भरत नसेल. तिनं सगळ्यांत जास्त कष्ट त्या बसवर घेतले. खेळातली बस चारी अंगांनी छापली, चाकं फिरती केली, खिडक्या पोखरून आत पातळ प्लॅस्टिक लावलं. मागच्या दारात कंडक्टरचा चेहरा हवा म्हणून त्याचा ओळखपत्राचा फोटो मागून घेतला. कंडक्टर हरखून गेला. म्हणाला, फोटोत माझे केस आहेत, तेवढं जपून कापा.

बस रस्त्याच्या मधोमध, खाटेकडं पाठ करून ठेवली. जायला निघालेली. दोघंही भावाच्या तोंडाकडं पाहू लागले.

त्यानं दोनदा डोळे मिटले.

ताईला वाटलं, चाकं चुकली. नाही. रंग? नाही. तिनं एकेका घरावर बोट ठेवून विचारलं, सावल्या विचारल्या, आभाळ विचारलं. नाही, नाही. कंडक्टर हसत म्हणाला, "माझं थोबाड बघवत नसेल त्याला. इतकी वर्षं आरशातच बघितलंय." पण भावाचे डोळे बसवरून हलेनात, आणि त्यांना पाणी आलं. पडद्याचा उजेड तर नव्हता.

ताईनं वाकून उशीवर डोकं टेकलं. समोर बसची पाठ होती. मोठी, चौकोनी. तिच्यापलीकडं काहीच नव्हतं. रस्ता नाही, घरं नाहीत, आभाळ नाही.

"दिसत नाही काहीच," ती म्हणाली. "गाडीच आडवी आलीय."

कंडक्टरनंही वाकून तिथून पाहिलं. हळू आवाजात म्हणाला, "चूक माझी, ताई. मी चढउतार करणारा माणूस, मी गाडी बाहेरून बघितली. ह्यानं कधी बघितली? ह्याच्यासमोर नेहमी रस्ताच असायचा."

"काढू का रे गाडी?" ताईनं विचारलं.

भावानं डोळे मिटले. एकदाच. बराच वेळ मिटून ठेवले आणि मग उघडले.

कंडक्टरनं स्वतः बस उचलली, त्यातल्या आपल्या चेहऱ्यासकट, आणि मांडीवर घेऊन बसला. रस्ता मोकळा झाला. कंडक्टरनं जिभेनंच घंटी दिली, टिंग टिंग. भावाच्या कपाळावरची आठी सुटली, गाल सैल पडले. दोन घंट्या म्हणजे निघा. एवढं ताईलाही इतक्या वर्षांत कळत होतं. एकच द्यायला हवी होती, तिच्या मनात आलं. एक म्हणजे थांबा. पण रस्ता तिनंच बांधला होता, आणि आता तिनंच विचारून मोकळा करवला होता.

त्यानंतर ताईनं रस्त्याला हात लावला नाही. खाटेशी बसून ती पुन्हा बुटांची खोकी करू लागली, आणि करता करता त्याच्याशी बोलू लागली. एका दुपारी ती सांगत होती, की हल्ली लहान मापाची खोकी जास्त लागतात, माणसांचे पाय लहान झाले की काय कोण जाणे. हो की नाही, म्हणून तिनं वर पाहिलं. भाऊ रस्त्याकडं पाहत होता. ती खाली पाहून घड्या पाडत राहिली. आणखी दोन खोकी झाली. पुन्हा विचारलं. तो तसाच पाहत होता, आणि छाती हलत नव्हती.

शेजारीण धावत आली. तिनं डोक्यावरून हात फिरवला, नाडी पाहिली, आणि म्हणाली, मिटव गं त्याचे डोळे, उघडे ठेवू नयेत.

ताईनं हात पुढं केला. पापणीपाशी नेला आणि थांबवला.

"जरा थांबा," ती म्हणाली. "आत्ता कुठं निघालाय."

आणि आपण मधे येतोय असं वाटून ती खाटेच्या कडेला सरकून उभी राहिली.