जिभेची पन्हाळ

"गंगीला माहेरी धाडतोय," धर्मा म्हणाला. कर्जतच्या दवाखान्याच्या पायरीवर तो सकाळपासून बसून होता. "तुमी आठव्या दिवशी तपासणीला येणारच. तवा पारावर चारचौघांत सांगा, म्हंजे झालं."

"काय सांगू?"

"मागल्या खेपेला सांगितलंत तेच. चिमी माजी पोर नाय."

असं मी कधीच म्हटलं नव्हतं. पण म्हटल्यासारखंच केलं होतं.

दुसऱ्या महायुद्धाची वर्षं होती. मी कर्जत-खालापूर भागात सरकारी व्हॅक्सिनेटर होतो, म्हणजे देवीची लस टोचणारा. लोक मला डॉक्टर म्हणत आणि मी कधी हरकत घेतली नाही. दंडावर लस ठेवायची, लॅन्सेटने, म्हणजे धारदार टोच्याने, ओरखडे काढायचे आणि आठव्या दिवशी जाऊन फोड उठला का ते पाहायचं. फोड उठला तर लस लागली. नाही तर पुन्हा टोचा. पोरं अशी किंचाळत की माथेरानची घोडी बुजत. म्हणून मी युक्ती काढली होती. "जिभेची पन्हाळ कर बघू," म्हणायचं. दोन्ही कडा वर वळवून जीभ नळीसारखी करायच्या नादात पोर रडायचं विसरे, तोवर माझं काम उरकलेलं असे.

आमच्या डॉक्टरसाहेबांनी एकदा विलायती मासिकात वाचलं, की जीभ वळणं रक्तातून येतं. आईबाप दोघांनाही जमत नसेल, तर पोराला जमायचं नाही. ते मी गावोगाव नेलं. वर माझी फोडणी दिली : "राजेरजवाड्यांत वारस असाच पारखतात."

धर्माचं गाव खालापूरच्या अलीकडे. तिथे पारावर हे सांगून मी दोघा नवराबायकोच्या जिभा पाहिल्या. धर्माची पाटासारखी सपाट, गंगीचीही तशीच. आणि सहा वर्षांच्या चिमीने अशी पन्हाळ केली की अख्ख्या कौलांचं पाणी तीतून वाहून जावं. मी तिचा दंड टोचला, हसलो, सायकलवर टांग टाकली आणि निघालो. पारावरचं मात्र कोणी हसलं नव्हतं.

धर्माला बसवून मी आत गेलो. "साहेब, ते मासिकातलं खरं ना?"

"छापलंय."

"खोटं ठरवायचं असेल तर?"

साहेबांनी चष्मा काढला. "काय करून ठेवलंत?"

मी सांगितलं. साहेबांनी चष्मा पुसून पुन्हा चढवला. मग म्हणाले, "हुबेहूब एकसारखे जुळे शोधा. त्यांचं रक्त एकच. एकाला जमतं आणि दुसऱ्याला नाही, असं निघालं तर मासिक चुकलं."

हुबेहूब जुळे म्हटल्यावर मला एकदम आठवलं. पिशवीतून वही काढली. वर्षापूर्वी कशेळ्याच्या बाजारात गोमा आणि हिरू या ऐन विशीतल्या जुळ्या भावांना मी लस टोचायला घेतलं होतं. टोचून घ्यायला नको म्हणून हिरूने गोमालाच दोनदा माझ्यापुढे उभं केलं होतं. पुढे फसगत नको म्हणून मी खूण लिहून ठेवली होती : 'गोमा, जीभ वळते. हिरू, वळत नाही.' वर्षभर तो पुरावा पाठीवर घेऊन मी उलटंच सांगत हिंडलो होतो.

धर्माला म्हटलं, "आठव्या दिवसापर्यंत गंगी कुठे जाणार नाही. सरकारी हुकूम आहे." असा हुकूम कुठेच नव्हता.

आठव्या दिवशी मी जुळ्यांना घेऊन पारावर हजर झालो. आता टोचणार नाही, या बोलीवरच ते आले होते. गंगी गाठोडं मांडीशी घेऊन बसली होती, चिमी तिला चिकटून. गोमाने पन्हाळ केली. हिरूने डोळे बाहेर येईस्तोवर जोर लावला. जीभ सपाट ती सपाटच. पाटलांनी दोघांना तीनदा जागा बदलायला लावल्या.

"मंग ह्यातल्या एकाचा बाप..." धर्माने तोंड उघडलं.

"बोल रं," हिरू म्हणाला. त्याच्या कमरेला कोयता होता. "पुरं बोल."

धर्मा खाली बसला.

मी म्हणालो, "मासिक चुकलं आणि मीही चुकलो. राजेरजवाड्यांचं तर मी पदरचं घातलं होतं." सरकारी माणूस चुकलो म्हणतो हे तालुक्यात पहिल्यांदाच घडलं, असं पाटील पुढे दहा वर्षं सांगत होते.

तेवढ्यात गंगी बोलली. "आता माजं ऐका. चिमीला हे मागल्या पावसाळ्यापर्यंत येत नव्हतं. शेजारच्या पोरींसंगं आठ दिस तोंड वेडंवाकडं करून शिकली ती. मला कुनी इचारलंच नाय."

तिने गाठोडं धर्मापुढे सरकवलं. "तुमी बांदलंत, तुमीच सोडा."

धर्माने ते उचललं आणि घराकडे चालू लागला. मग मी चिमीचा दंड पाहिला. फोड छान उठला होता.

त्यानंतर मी हजारो दंड टोचले. पोरांना डोळे मिटून कावळे मोजायला सांगत असे. आणि कोणाच्या घरातलं काही विचारायचं झालंच, तर आधी बाईला विचारत असे.