आवळीखालची खीर

आमच्या शाळेला शुक्रवारी सुट्टी असे. निजामाचं राज्य होतं, शाळा उर्दूतून चाले आणि आठवड्याचा मोकळा दिवस जुम्म्याचा. परभणीतली बरीच मुलं त्या दिवशी विटीदांडू घेऊन मैदानावर जात. आम्ही काही जण मात्र सकाळीच गुरुजींच्या अंगणात जमायचो. दसरा झाला, रस्त्यांवरचा चिखल वाळला की थंडी पडेपर्यंत गुरुजी दर शुक्रवारी सगळ्यांना रानात फिरायला नेत.

सगळ्यांना म्हणजे खरोखर सगळ्यांना. काकू, म्हणजे गुरुजींच्या पत्नी, आणि त्यांच्या दोन लहान मुली असत. शेजारचे पेशकार असत, तहसिलीत काम करणारे, त्यांच्या घरची माणसं असत आणि आम्ही शाळेतली मुलं. घरच्या बायकांना नुसतं झाडं-पाखरं बघायला गावाबाहेर नेणारा दुसरा माणूस तेव्हा आमच्या पाहण्यात नव्हता. बायका शेताला जायच्या नाहीतर देवाला. गुरुजी त्यांना तरवडाची पिवळी फुलं दाखवत, बाभळीला लोंबणारी सुगरणीची घरटी दाखवत. कापसाची बोंडं फुटलेली असत, तूर फुलावर आलेली असे. शाळेत गुरुजी फक्त मराठीचा तास घेत, पण रानात ते सगळ्याचेच गुरुजी होते.

एकदा ओढ्याकाठी बगळा उभा होता. गुरुजी त्याच्याबद्दल सांगत होते, तेवढ्यात पेशकार म्हणाले, "असली चोच आमच्या दफ्तरात पण हाय एकाची. दुसऱ्याच्या डब्यात बरोबर बुडते." काकू पदराआड हसल्या. गुरुजीही हसले आणि मग पुन्हा बगळ्याकडे वळले.

परत येताना ओढ्याच्या काठी बसायचं आणि प्रत्येकाने आज काय पाहिलं ते सांगायचं, असा गुरुजींचा नेम होता. पाहिलं असेल तेवढंच सांगायचं. मी एकदा म्हणालो, "घरट्यात पिल्लं होती." गुरुजींनी विचारलं, "पिल्लं पाहिलीस?" मी म्हणालो, "न्हाई, आवाज आला." "मग आवाज आला असं सांग. पिल्लं तू मनाची घातलीस." हा नेम मला फार आवडला होता. आमच्या घरात कुणाला अक्षर येत नव्हतं. शिक्षण म्हणजे हेच असणार, असं मला वाटायचं.

मग मधे पंचा अंथरला जाई. त्यावर ज्वारीच्या लाह्या, भाजलेल्या शेंगा, गूळ आणि सीताफळं. सगळ्यांचे हात त्या एका पंच्यावर. माझ्या हाताशेजारी गुरुजींचा हात असे. काकू फोडलेलं अर्धं सीताफळ माझ्या हातात देत. त्या पंच्यावरून, आपण एकत्र जेवणारी माणसं आहोत, अशी मी माझी समजूत करून घेतली, आणि ती किती चुकीची होती ते मला फार उशिरा कळलं. भाजलेलं, वाळलेलं, फळफळावळ कुणाच्याही हातचं चालतं आणि पाणी घालून शिजवलेलं चालत नाही, हा हिशेब आमच्या गावातल्या मोठ्या माणसांना पाठ होता. मला तो कुणी सांगितला नव्हता.

मी गुरुजींच्या पडवीत राहत असे. त्यांनी ती मला आपणहून दिली होती. पडवीच्या कोपऱ्यात माझी चूल होती आणि माझ्या भाकरी मीच थापायचो. सणाला काकू पत्रावळीवर वाढून पडवीत आणून देत. मी वेगळा का जेवतो हा प्रश्न मला पडला नाही. विद्यार्थ्याने आपलं आपण करावं म्हणून असेल, असं मी धरून चाललो होतो.

त्या वर्षी दिवाळीला मी घरी गेलो तेव्हा बा म्हणाला, "चार बुकं झाली. आता बस झालं. माह्यानं एकट्यानं आऊत हाणणं होत न्हाई." आमचं शेत पिंगळीच्या जवळ. कोरडवाहू काळी जमीन आणि बांधाला एक मोठी आवळी. मी मायकडे पाहिलं.  रात्रीच्या भाकरी थापताना ती म्हणाली, "तुला त्या घरात आपलं मानतेत का रे? का नुसतं पडवीला राखण म्हून ठिवलंय?"

मी म्हणालो, "एका पंच्यावर खातो आमी."

"खरं?"

"खरं."

माय म्हणाली, "मग कार्तिकात त्यान्ला आपल्या आवळीखाली जेवाया बोलाव. माह्या हातचं चार घास खाल्ले तर म्या समजीन का लेकरू आपल्याच माणसांत हाय. मग तुह्या बाचं म्या बघते."

कार्तिकात आवळीच्या झाडाची पूजा करून तिच्याच सावलीत जेवायचं, हे आमच्याकडे घरोघर करत. परभणीतली मंडळी त्यासाठी दरवर्षी कुणाचं तरी शेत शोधत. मी गुरुजींना विचारलं तेव्हा ते खूश झाले. आगगाडीने जाऊ, ओढ्याओढ्याने फिरू, मग आवळीखाली बसू, असा बेत त्यांनी तिथल्या तिथे आखला. मी अडखळत विचारलं, "माय स्वयंपाक करणार हाय. तुम्ही आमच्याकडचं जेवाल ना?"

गुरुजी पुस्तकातून मान वर करून म्हणाले, "न जेवायला काय झालं?"

ते वाक्य मी घरी जसंच्या तसं सांगितलं. मायनं ते बाला दोनदा ऐकवलं.

मायनं कुंभाराकडून कोरी मडकी आणली. सणासाठी राखून ठेवलेला गहू रात्री भिजत घातला, सकाळी कांडला आणि गुळाची खीर केली. तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी, भरली वांगी, आंबाडीची भाजी. पहाटे डोक्यावरून पाणी घेऊन, धुतलेलं लुगडं नेसून ती चुलीपाशी बसली आणि स्वयंपाक होईपर्यंत मला तिथे फिरकू दिलं नाही. कोरी मडकी आणि डोक्यावरचं पाणी हे तिला कुणी सांगितलं होतं, हा विचार मी नंतर पुष्कळ केला. तिला धाकधूक असणार. मला तेव्हा काडीची शंका नव्हती.

मंडळी सकाळच्या गाडीने पिंगळीला उतरली. ओढ्याच्या कडेने चालत, थांबत, मुलांना दाखवत ती शेतात आली. आभाळ निळं होतं, उन्हाला धार नव्हती. वर करकोच्यांची एक रांग गेली आणि सगळे माना वर करून उभे राहिले. बासुद्धा. तो मला हळूच म्हणाला, "हे बघायला पैदल आले?" पण तो नाराज नव्हता.

मायनं विहिरीचं पाणी भरून ठेवलं होतं. पेशकारांनी आपली घागर काढली आणि स्वतः विहिरीवर गेले. माय म्हणाली, "भरून ठिवलं हाय की, दादा." पेशकार म्हणाले, "राहू द्या माय. दफ्तरात बसून हात गंजलेत, जरा हलू द्या." सगळे हसले. मीही हसलो.

काकूंनी झाडाखालची जागा सारवली, तीन दगड मांडले आणि परभणीहून आणलेल्या भांड्यांत भात चढवला. मला वाटलं, दोन्हीकडचं एकत्र वाढतील. पूजा झाली. काकूंनी मायला हळदीकुंकू लावलं, दोघींनी मिळून आवळीच्या बुंध्याला सूत गुंडाळलं. मायचं तोंड असं उजळलेलं मी क्वचित पाहिलं होतं. मग पंगत बसली. बा पुढे झाला तेव्हा गुरुजी म्हणाले, "तुम्ही यजमान. तुम्ही मागून निवांत बसा." बाला ते मानाचं वाटलं. तो बैलांकडे गेला.

माय खिरीचं मडकं घेऊन दोनदा आली. पहिल्यांदा काकू म्हणाल्या, "नैवेद्याचं आटपू द्या." दुसऱ्यांदा म्हणाल्या, "आता कुणाच्या पोटात जागा नाही हो. असं करा, सगळं बांधून द्या. घरी सासूबाई आहेत, त्यांनाही होईल." मायनं भाकरी फडक्यात बांधल्या, मडक्याच्या तोंडाला पान लावलं आणि सगळं त्यांच्या टोपलीत ठेवलं. ती ठेवत असताना काकूंनी पदर आवरून घेतला.

"म्हातारीसाठी बी न्यायलेत," माय मला म्हणाली.

बानं गाडी जुंपायची तयारी केली होती. गुरुजी म्हणाले, "नको, चालतच जातो. चालण्यासाठीच तर आलो." मंडळी गेल्यावर मायला आवळीखाली त्यांचा तांब्या राहिलेला दिसला. तिनं तो राखेनं घासला, लखलखीत केला आणि म्हणाली, "पळ, गाडी यायच्या आत दे."

मी बांधाबांधाने पळत गेलो. स्टेशनच्या अलीकडे लिंबाखाली कुणाची तरी गाय बांधलेली असे. मंडळी तिथेच थांबलेली होती. काकू भाकरीचे तुकडे करून गायीपुढे टाकत होत्या. खीर आधीच दगडी डोणीत ओतलेली होती, वांगी आणि भाजी तिच्यावर. मायचं कोरं मडकं लिंबाच्या बुडाशी उपडं पडलं होतं. गुरुजींची धाकटी मुलगी रडवेली होऊन म्हणत होती, "आई, मला खीर." काकू म्हणाल्या, "गप. घरी करून देते."

मग त्यांनी मला पाहिलं.  पेशकार रुळांकडे बघायला लागले.

काकू म्हणाल्या, "तांब्या तिथे दगडावर ठेव रे." मी ठेवला. त्यांनी तो उचलला, आधी मातीने घासला, मग घागरीतल्या पाण्याने विसळला.

गुरुजी मला बाजूला घेऊन गेले. "गायीच्या मुखी गेलं, बाळ. वाया नाही गेलं." मग ते म्हणाले, "माझं स्वतःचं काही नाही. पण घरात आई आहे, चार माणसांत राहायचं आहे. तू समजूतदार आहेस. हे घरी सांगू नकोस. त्यांना उगीच वाईट वाटेल."

पाहिलं तेवढंच सांगायचं, हे मला शिकवणारा माणूस आता पाहिलेलं सांगू नकोस म्हणत होता. मला गायीचं, खिरीचं, काकूंचं इतकं लागलं नाही. काकूंनी मला कधी काही शब्द दिला नव्हता. न जेवायला काय झालं, हे गुरुजी म्हणाले होते, आणि म्हणताना त्यांना सगळं माहीत होतं.

मी शेतात परतलो तेव्हा माय आणि बा आवळीखाली जेवायला बसले होते. आमच्यासाठी वेगळी काढून ठेवलेली खीर मायनं माझ्या ताटलीत वाढली. 

बानं विचारलं, "गाडी सापडली त्यान्ला?"

मी मान हलवली. सांगितलं असतं तर त्याच दिवशी माझी शाळा संपली असती आणि न सांगणं म्हणजे गुरुजींचं ऐकणं. मी ताटलीकडे बघत बसलो. तेवढ्यात माय म्हणाली, "स्टेशनात गाडीची वाट बघत बसले होते ना, तितं खाल्लं त्यान्नी. पोरींनी तर खीर चाटून पुसून खाल्ली म्हणं. व्हय ना रे?"

मी तिच्याकडे पाहिलं. मी तिला यातलं एक अक्षरही सांगितलं नव्हतं. ती माझ्याकडे रोखून बघत होती.

"व्हय," मी म्हणालो.

बा काही वेळ जेवत राहिला. मग म्हणाला, "शिकू दे मग. बघू औताचं."

दुसऱ्या दिवशी निघताना मायनं गुरुजींच्या घरासाठी बोचकं बांधलं. त्यात तुरीची डाळ, गूळ, वाळल्या मिरच्या, भुईमुगाच्या शेंगा आणि पाटीभर आवळे होते. शिजवलेलं काही नव्हतं. गाठ मारताना ती म्हणाली, "माहा हात लागू नये म्हून तिनं पदर आवरला. म्या आंधळी हाय का? असं कोरडं दिलं म्हंजे त्यान्ला बी सोपं आन आपल्याला बी." बोचकं माझ्या हातात देत म्हणाली, "तू शीक. जेवढं देतेत तेवढं घे."

त्यानंतर ती दर खेपेला कोरडा शिधाच देत राहिली, आणि गुरुजींच्या घरी तो आनंदाने घेतला गेला. त्या पडवीत राहूनच मी शाळा पुरी केली. पुढे कुठे शिकायचं, कुणाला भेटायचं, हेही गुरुजींनीच पाहिलं. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी झालो तो त्यांच्यामुळे. हे मी कुणालाही सांगतो आणि मनापासून सांगतो. पण गुरुजींबद्दल बोलायला लागलो की मला लिंबाखालची ती गाय दिसते, आणि पुढचं वाक्य सुचत नाही. मी विचारलं त्या दिवशीच त्यांनी मला तोंडावर सांगितलं असतं की तुझ्या आईचं आम्ही खाऊ शकत नाही, तर मी रडलो असतो. पण मायनं तो गहू कांडला नसता.

आवळीखालच्या त्या जेवणानंतर पुढच्याच शुक्रवारी मंडळी नेहमीसारखी रानात गेली. मीही गेलो. पडवीत राहणाऱ्याला न जाऊन चालण्यासारखं नव्हतं. परतताना ओढ्याकाठी पंचा अंथरला गेला आणि त्यावर काकूंनी आमच्याच शेतातल्या शेंगा भाजून ओतल्या. एकेक जण सांगत गेला. कुणी खंड्या पाहिला होता, कुणी नीलकंठ. धाकट्या मुलीनं सरडा पाहिला होता. गुरुजी माझ्याकडे वळले.

"तू काय पाहिलंस?"

"काही नाही, गुरुजी."

"असं कसं? डोळे मिटून चाललास की काय?" पेशकार म्हणाले आणि सगळे हसले. गुरुजी हसले नाहीत. ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले, मग त्यांनी पुढच्या मुलाला विचारलं.