चाळीस पुंगळ्या आणि जमा केलेली बंदूक

पांढरकवड्याकडच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो, तेव्हाचं हे प्रकरण. अजून मनातून जात नाही. खबर भंगारवाल्याने दिली. लोक त्याच्याकडे भंगार विकायला येतात. एक म्हातारा मात्र झाडलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या विकत नेत होता, त्याही एकाच बोअरच्या, म्हणजे एकाच मापाच्या बंदुकीच्या.

अशा पुंगळ्या बंदुकीची दारू आणि छर्रे घालून पुन्हा भरता येतात. जंगलालगतच्या शिकारी टोळीला काडतुसं पुरवणारा सापडला असं मला वाटलं आणि खरं सांगतो, मी खूश झालो. पंचांसमक्ष तांड्यावरच्या त्याच्या घराची झडती घेतली. डब्यात चिंचेने घासून लखलखीत केलेल्या चाळीस पुंगळ्या निघाल्या. दारू, छर्रे, बंदूक काहीच नव्हतं. बाजेवर त्याची बायको पडून होती, मांडीला मोठं बँडेज.

ठाण्यात आणल्यावर त्याने लगेच कबूल केलं. शेतात रानडुकरं शिरतात, परवान्यावरची काडतुसं पुरत नाहीत, म्हणून घरीच भरायची तयारी चालली होती. मग बंदूक कुठे, या प्रश्नावर मात्र तो गप्प. मी टेबलावर हात आपटला, नाही नाही ते बोललो. सराईत माणूस अशा वेळी काहीतरी थाप मारतोच. हा नुसता माझ्याकडे बघत होता. कंटाळून मी शिपायांना चहाला पाठवलं.

"बंदूक तुमच्याच ठाण्यात हाये, साहेब," तो हळूच म्हणाला. "इलेक्शनले जमा केलती. वापस भेटाव म्हणून तीन डाव अर्ज आणला. तिन्ही डाव तुमच्याच हाती देल्ला. बंदूक भेटली का कामी येतीन म्हणून पुंगळ्या जमवून ठेवल्या."

आचारसंहिता लागली की परवान्याच्या बंदुका आम्ही जमा करून घेतो आणि निकालानंतर परत देतो. त्याची मालखान्यात तशीच पडून होती. तिन्ही अर्ज माझ्या खणात निघाले. त्याचा चेहराही मला आठवेना. मधल्या काळात राखणीला बसलेल्या त्याच्या बायकोला डुकराने फाडलं होतं. मला फार लाज वाटली.

दारू आणलेली नव्हती, म्हणून गुन्हा दाखल केला नाही. घरी काडतुसं भरणं बेकायदा आहे आणि हातात फुटलं तर जीव जाईल, हे समजावलं. पुंगळ्या त्याने मुकाट्याने दिल्या. दुसऱ्या दिवशी बंदूक मी स्वतः तांड्यावर नेली. हे आधीच का नाही सांगितलं, असं विचारलं.

"तुमचे शिपाई उभे होते ना, साहेब. त्याइच्यासमोर तुमचा पानउतारा काहून करू?"

गप्प बसणारा माणूस काहीतरी लपवतो, असं मी नव्या पोरांना नेहमी शिकवायचो. तोही लपवतच होता, पण माझी चूक.